रणजी करंडकाची बूज

२ मार्च २०२५ रोजी नागपूरजवळच्या जामठा येथील मैदानावर विदर्भाने केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर बाजी मारली आणि रणजी करंडक तिसऱ्यांदा आपल्याकडे आणला. दुसऱ्याच दिवशी, ३ मार्चला, मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर निवर्तले. त्या रविवारी दुबईत भारताचा संघ न्यूझीलंडशी एकदिवसीय सामना खेळत होता आणि देशाचे डोळे साहजिकच तिकडे लागलेले होते. पाच दिवस झुंजून मिळविलेल्या विजयाकडे फारसे कोणी पाहिले नाही. शिवलकरांच्या निधनाने मात्र जुने क्रिकेटरसिक हळहळले आणि ‘हा गुणी गोलंदाज एकही कसोटी सामना खेळला नाही’ हे वाक्य पुन्हा एकदा सर्वत्र उच्चारले गेले. या दोन लागोपाठच्या दिवसांनी एक प्रश्न आपल्यापुढे ठेवला आहे. कितीही हंगाम उलटले तरी तो शिळा होणारा नाही, म्हणून आज आम्ही येथे त्याचा विचार करीत आहोत.

शिवलकरांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात मद्रासच्या चेपॉक मैदानावर त्यांनी तामिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी टिपले. तो सामना तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर संपला आणि मुंबईने सलग पंधराव्या वर्षी करंडक जिंकला. हरियाणाचे राजिंदर गोएल हे त्यांचेच समकालीन व तसेच डावखुरे. रणजी सामन्यांतील त्यांचे ६३७ बळी हा आजवरचा उच्चांक आहे. त्या काळी भारतीय संघात डावखुऱ्या फिरकी गोलंदाजास एकच जागा असे आणि ती बिशनसिंग बेदींनी आपल्या असामान्य गुणांच्या बळावर व्यापली होती. शिवलकर आणि गोएल बाहेर राहिले याचे दुःख करणे स्वाभाविक आहे. परंतु या दुःखातच एक चूक दडलेली आहे, असे आम्हांस वाटते. वीस-वीस वर्षे एका प्रांतासाठी गोलंदाजी करणाऱ्या माणसाचे आयुष्य ‘कसोटी खेळला नाही’ या तीन शब्दांत मोजावयाचे असेल, तर तो ज्या स्पर्धेत ते आयुष्य जगला ती स्पर्धा आपल्या लेखी केवळ एक पायरी ठरते. रणजी करंडक हा निव्वळ वर चढण्याचा जिना आहे, की स्वतःच्या पायावर उभी असलेली एक संस्था आहे? आजच्या साऱ्या वादांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

उत्तरासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९३४ साली शिमल्यास भरलेल्या क्रिकेट नियामक मंडळाच्या सभेत प्रांतांच्या व संस्थानांच्या संघांची ही स्पर्धा ठरली. पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांनी आदल्याच वर्षी दिवंगत झालेल्या रणजितसिंहांच्या स्मरणार्थ करंडक दिला. पहिला सामना त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला मद्रास आणि म्हैसूर यांच्यात चेपॉकवर झाला व एका दिवसातच आटोपला. त्यावेळी हिंदुस्थानातील सर्वांत गाजणारे क्रिकेट मुंबईचे होते. पण ते धर्माच्या नावाने खेळले जाई. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चार संघ, आणि १९३७ पासून ‘इतरे’ हा पाचवा. ब्रेबॉर्न मैदान या पंचरंगी सामन्यांना ओसंडून वाहत असे. रणजी सामन्यांना तशी गर्दी कधी झाली नाही. १९४० साली गांधीजींनी या जातीय सामन्यांविरुद्ध आपला कौल दिला. तरीही त्यांची लोकप्रियता इतकी की ते आणखी काही वर्षे चालले आणि १९४६ नंतर कायमचे थांबले. गर्दी हाच खेळाच्या योग्यतेचा निकष मानला असता, तर त्या सामन्यांचा त्याग करून रिकाम्या बाकांच्या रणजी स्पर्धेस जवळ करण्याचे कारणच नव्हते. ज्यांनी ते केले त्यांना गर्दीपेक्षा मोठे काही दिसत होते.

ते काय होते, हे मार्च १९४७ मध्ये बडोद्यास दिसले. होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून सांगलीचे विजय हजारे आणि लाहोरचे गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भागी केली. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमदांच्या ३१९. कोणत्याही जोडीसाठी जगातील ही सर्वांत मोठी भागी २००६ पर्यंत अबाधित होती. हजारे धर्माने ख्रिस्ती. पंचरंगी सामन्यांत ते ‘इतरे’ संघात असत आणि गुल महंमद मुसलमानांच्या संघात. तेथे ते परस्परांचे प्रतिस्पर्धी होते, बडोद्याच्या संघात ते एका धावेसाठी एकमेकांच्या हाकेवर विश्वास टाकून पळत होते. देशाच्या फाळणीस तेव्हा सहा महिनेही उरले नव्हते. क्रिकेटने फाळणी टळत नसते, इतके आम्ही जाणतो. पण माणसाने आपला संघ कोणत्या नात्याने निवडावा, जन्माच्या की वस्तीच्या, या प्रश्नाचे उत्तर रणजी करंडकाने तेरा वर्षे आधीच देऊन ठेवले होते, ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्या महाराष्ट्राचे या स्पर्धेशी नाते तर घरचेच. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्रा. दि. ब. देवधर यांनी १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्रास करंडक मिळवून दिला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी बलाढ्य मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. देवधरही अधिकृत कसोटी सामना खेळले नाहीत. परंतु त्यांच्याविषयी बोलताना पुण्यातील कोणीही ‘बिचारे’ म्हणत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यातच भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावांवर पोचले होते. डॉन ब्रॅडमनचा ४५२ धावांचा तेव्हाचा उच्चांक नऊ धावांवर होता. पाहुण्या संघाने उपाहारानंतर मैदानात उतरण्याचे नाकारले, सामना सोडून दिला, आणि तो विक्रम तसाच राहिला. रणजी स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत मोठी वैयक्तिक धावसंख्या आजही तीच आहे. महाराष्ट्राने त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या हंगामांत अंतिम सामना गाठला, करंडक मात्र पुन्हा हाती आला नाही.

मुंबईची कथा निराळी. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे आणि मार्च २०२४ पर्यंत एकूण बेचाळीस वेळा हा करंडक मुंबईने जिंकला. या यशाचे श्रेय सुनील गावसकर किंवा सचिन तेंडुलकर यांच्यासारख्या थोरांना देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण ते यश शालेय ढालींच्या सामन्यांतून, दादरच्या शिवाजी पार्कवरून आणि आझाद मैदानावरून, आणि १९४८ पासून भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर चालत आलेल्या कांगा साखळीतून उभे राहिले. बँका, रेल्वे आणि मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत. त्यामुळे शनिवारी कार्यालयाच्या संघातून खेळणारा गडी सोमवारी खातेवही उघडून बसे आणि मुलाबाळांच्या पोटाची चिंता न करता चाळिशीपर्यंत मुंबईसाठी खेळे. मे १९९१ मध्ये वानखेडे मैदानावर हरियाणाने मुंबईस अवघ्या दोन धावांनी हरविले तेव्हा नाबाद १३९ धावा करून उभे असलेले दिलीप वेंगसरकर भर मैदानात रडले. शंभरांहून अधिक कसोटी सामने खेळलेल्या या फलंदाजास त्या दिवशी नवे काही मिळवावयाचे नव्हते. ते अश्रू मुंबईसाठी होते.

अलीकडच्या काळात या स्पर्धेचा पैस अधिक रुंदावला आहे आणि ती तिच्या चैतन्याची खूण आहे. अनेक दशके ज्या विदर्भास कोणी हिशेबात धरीत नव्हते, त्याने २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीचा पराभव करून पहिला करंडक मिळविला, पुढच्याच वर्षी तो राखला. या संघास घडविणारे चंद्रकांत पंडित हे मुंबईच्या मुशीतले. त्यांनीच पुढे २०२२ मध्ये मध्यप्रदेशास मुंबईविरुद्धच विजयी केले, आणि तेही बंगळूरच्या त्याच मैदानावर, जेथे १९९८-९९ मध्ये मध्यप्रदेशाचे कर्णधार म्हणून त्यांच्या पदरी अंतिम सामन्यातील पराभव आला होता. २०२४-२५ च्या हंगामात विदर्भाच्या हर्ष दुबे या तरुण डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने ६९ बळी घेऊन एका हंगामातील उच्चांक प्रस्थापित केला. त्याच हंगामात जानेवारीत वांद्र्याच्या मैदानावर जम्मू-काश्मीरने मुंबईस पाच गडी राखून नमविले. मुंबईच्या त्या संघात रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, अजिंक्य रहाणे आणि श्रेयस अय्यर होते. नावांनी सामने जिंकले जात नाहीत, हे ज्या स्पर्धेत अद्याप सिद्ध होते ती स्पर्धा मृतप्राय आहे असे कोण म्हणेल?

आणि तरीही तिची बूज राखली जात नाही, हे आम्हांस खेदाने लिहावे लागत आहे. २०२०-२१ मध्ये साथीमुळे ही स्पर्धा तिच्या इतिहासात प्रथमच रद्द झाली. ती आपत्ती होती. मात्र त्याच हंगामात मर्यादित षटकांच्या स्पर्धा पार पडल्या, हे विसरता येत नाही. सवड काढावयाची झाली तेव्हा कोणासाठी काढली गेली, हे त्यावरून कळले. २०२१-२२ चा हंगाम दोन तुकड्यांत झाला. साखळी फेरी झाल्यावर मध्ये आयपीएलचे दोन महिने गेले आणि बाद फेरी ऐन जूनमध्ये खेळविली गेली. २०२४-२५ पासून तर तुकडे पाडणे हीच व्यवस्था झाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाच सामने, मग वीस व पन्नास षटकांच्या स्पर्धांसाठी सुमारे दोन महिन्यांचा खंड, आणि जानेवारीच्या अखेरीस उरलेले सामने. गोलंदाजाला लांब पल्ल्याची लय सापडते न सापडते तोच त्याला चार षटकांच्या गोलंदाजीकडे वळावे लागते. दिवसभर खेळपट्टीवर ठाण मांडण्याची सवय फलंदाजाच्या अंगी मुरते न मुरते तोच त्याला पहिल्या चेंडूपासून फटकेबाजी करावी लागते. गोष्टीचा पूर्वार्ध दिवाळीत आणि उत्तरार्ध संक्रांतीनंतर सांगावयाचा, आणि श्रोते का उठून गेले म्हणून विचारावयाचे, असा हा प्रकार आहे.

मंडळाची बाजूही ऐकली पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत उत्तर हिंदुस्थानात धुके पडते आणि खेळाचे तासन् तास वाया जातात, हा आक्षेप खरा आहे. परंतु धुके दिल्ली-पंजाबात पडते; पुणे, राजकोट, चेन्नई येथे नव्हे. त्या काही आठवड्यांत उत्तरेकडील संघांचे सामने दक्षिणेत व पश्चिमेत ठेवले तर हंगाम तोडण्याचे कारण उरत नाही. ऑक्टोबराच्या आरंभी रेंगाळणारा पाऊस धुक्याइतकाच उपद्रवी असतो, हेही ध्यानी घेतले पाहिजे. दुसरा मुद्दा, आयपीएलच्या उत्पन्नातूनच देशी क्रिकेटला पैसा मिळतो, हा. तो आम्ही नाकारीत नाही. २०२१ साली मंडळाने मानधन वाढविले, ते योग्यच केले. २०२४ मध्ये मुंबईच्या संघटनेने आपल्या रणजी खेळाडूंना मंडळाइतकेच मानधन स्वतःकडून जोडून देण्याचे ठरविले, तेही स्तुत्य होय. २०२५ च्या आरंभी नामांकित खेळाडूंना देशी सामने खेळण्याची सक्ती झाली, तिचेही आम्ही स्वागत करतो.

परंतु आकडे मांडून पाहू. २०२१ मध्ये ठरलेल्या दरांनुसार चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या अनुभवी खेळाडूस दिवसाला ६०,००० रुपये मिळतात आणि नवख्यास ४०,०००. साखळीतील सात सामन्यांचे चार-चार दिवस धरले तर अठ्ठावीस दिवस होतात. म्हणजे सारी साखळी खेळणाऱ्या अनुभवी गड्यास १६ लाख ८० हजार, नवख्यास ११ लाख २० हजार. सामान्य कारकुनाच्या दृष्टीने ही रक्कम मोठी आहे, यात संशय नाही. आता दुसरी बाजू पाहा. २०२५ च्या हंगामासाठी आयपीएलच्या लिलावातील किमान बोली ३० लाखांची होती आणि त्याखेरीज प्रत्येक सामन्यास साडेसात लाखांचे मानधन निराळे. लिलावात सर्वांत कमी किमतीस घेतलेला, बाकावर बसून राहिलेला तरुण आपल्या प्रांतासाठी दहा वर्षे झिजलेल्या कर्णधारापेक्षा अधिक मिळवतो. आणि तीन संध्याकाळी मैदानात उतरला तर केवळ त्या तीन संध्याकाळींचे मानधन कर्णधाराच्या साऱ्या साखळीच्या कमाईपेक्षा जास्त होते. अशा स्थितीत विशीतल्या मुलाने आपली शक्ती कोठे खर्च करावी, याविषयी त्यास उपदेश करणे व्यर्थ आहे. त्याच्या जागी आपला मुलगा असता तर आपण काय सांगितले असते, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे.

याहून गंभीर गोष्ट अशी की हे मानधन दिवसावर आहे. दुखापत झाली किंवा निवड चुकली की दिवस बुडाला. पूर्वी मानधन नगण्य होते, पण पाठीशी नोकरी होती. आता मानधन आहे, पण क्रीडापटूंना नोकऱ्या देणाऱ्या संस्था व कार्यालयीन संघ कमी होत चालले आहेत. तिशी ओलांडलेला, आयपीएलच्या लिलावात कोणी न घेतलेला, परंतु रणजी संघाचा कणा असलेला खेळाडू या दोहोंच्या मध्ये अडकला आहे. शिवलकरांचा वारस आज कोठे असेल तर तेथे आहे. तो निघून गेला तर त्याच्या सहवासात जे तरुण शिकतात त्यांची शाळाच बंद पडेल, आणि मग कसोटी संघ कोठून आणणार? जी स्पर्धा केवळ जिना म्हणून वापरली जाते ती काही काळाने जिना म्हणूनही निकामी होते. पायऱ्यांची डागडुजी कोणी तरी तेथेच राहणारा करीत असतो, येणारे-जाणारे करीत नाहीत.

३० जानेवारी २०२५ रोजी विराट कोहली बारा वर्षांनी रणजी सामन्यासाठी दिल्लीच्या कोटला मैदानावर उतरला तेव्हा हजारोंची रीघ लागली. दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या हिमांशू सांगवानने सहा धावांवर त्याची यष्टी उडविली आणि प्रेक्षकांचे थवे बाहेर पडू लागले. त्या लोकांना आम्ही दोष देत नाही. पण ज्या गोलंदाजाने अशा फलंदाजाचा त्रिफळा उडविला त्याचे पुढचे षटक पाहावे असे त्यांना वाटले नाही, यावरून आपण काय गमावले आहे ते दिसते. ताऱ्यांना सक्तीने आणल्याने एक दिवसाची जत्रा भरते. स्पर्धेची प्रतिष्ठा तिच्या स्वतःच्या रचनेतून यावी लागते.

म्हणून आमच्या सूचना स्पष्ट आहेत. पहिली, नोव्हेंबरच्या आरंभापासून अंतिम सामन्यापर्यंत रणजी हंगाम अखंड असावा आणि मर्यादित षटकांच्या स्पर्धांनी त्याच्या आधी किंवा नंतर आपली सोय पाहावी. दुसरी, दोन सामन्यांमध्ये पुरेशी विश्रांती असावी. मार्च २०२४ मध्ये उपान्त्य सामन्यात शतक ठोकल्यानंतर शार्दूल ठाकूर यांनी तीन-तीन दिवसांच्या अंतराने सामने खेळविल्यास गोलंदाज जायबंदी होतील असे जाहीरपणे सांगितले होते. ती तक्रार म्हणून नव्हे, शहाणपणाचा सल्ला म्हणून ऐकावी. तिसरी, प्रत्येक राज्य संघटनेने आपल्या प्रमुख खेळाडूंशी वार्षिक करार करावा, म्हणजे दुखापतीच्या वर्षी त्यांच्या घरची चूल विझणार नाही. मंडळाजवळ पैसा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. चौथी, काही सामने जिल्ह्याच्या गावी न्यावेत आणि शाळा-महाविद्यालयांतील मुलांना तेथे आग्रहाने बोलवावे. सोलापूर किंवा नाशिकसारख्या शहरात चार दिवसांचा सामना होतो तेव्हा तो त्या शहराचा उत्सव होतो. महानगरातील प्रचंड प्रेक्षागारात तोच सामना पोरका दिसतो.

पाचवी सूचना आम्हा वृत्तपत्रांनाच आहे. एके काळी रणजी सामन्याचा संपूर्ण धावफलक आणि मैदानावर बसून लिहिलेला वृत्तान्त दैनिकांत न चुकता येत असे. आज चार ओळींत निकाल दिला की आम्ही आपले कर्तव्य संपले असे मानतो आणि मग रसिकांच्या उदासीनतेवर अग्रलेख लिहितो. हे ढोंग आहे आणि त्यात आम्हीही सहभागी आहोत, हे कबूल केले पाहिजे. जो खेळ आम्ही वाचकांपुढे ठेवत नाही तो वाचकांनी आठवावा, ही अपेक्षा करण्याचा आम्हांस अधिकार नाही.

२०१७ साली नियामक मंडळाने शिवलकर आणि गोएल यांना कर्नल सी. के. नायडू यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. मंडळाने आपल्या परीने एक ऋण मान्य केले, हे चांगले झाले. पण त्या ऋणाची खरी फेड सत्कारसमारंभात होणारी नाही. मुंबईच्या कोणत्याही मैदानावर उद्या एखादा सोळा वर्षांचा डावखुरा मुलगा तासन् तास एकाच टप्प्यावर चेंडू टाकीत असेल, तर आपल्या राज्यासाठी वीस वर्षे गोलंदाजी करणे हेच एक सन्मानाचे आयुष्य आहे, असे त्याला प्रामाणिकपणे सांगता आले पाहिजे. आज ते सांगताना जीभ अडखळते. ती अडखळू नये एवढी व्यवस्था करणे हे मंडळाचे, राज्य संघटनांचे आणि आपणा सर्वांचे काम आहे. पुढच्या हंगामाचे वेळापत्रक आखताना त्याचा आरंभ व्हावा.